दोन वर्षांत काय शिकवता येते?

ब्रिटनमध्ये जीवशास्त्राशी संबंधित विषयाची पदवी घेतलेल्या तरुणाला पुढे दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम पूर्ण करून रुग्ण तपासण्याची वाट खुली होते. तो डॉक्टर होत नाही, ‘फिजिशियन असोसिएट’ होतो. रुग्णाची हकीकत विचारणे, तपासणी करणे, निदानाचा अंदाज बांधणे आणि उपचारांची दिशा ठरवणे ही कामे तो करतो, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली. औषधाची चिठ्ठी त्याला लिहिता येत नाही, एक्स-रे किंवा सीटी स्कॅन सांगता येत नाही. या पेशावरून तेथे गेली काही वर्षे रण माजले आहे. डॉक्टरांच्या संघटनेने तर नियामक संस्थेलाच न्यायालयात खेचले आणि एप्रिल २०२५ मध्ये तो खटला गमावला. पाच वर्षांचे वैद्यकीय शिक्षण दोन वर्षांत उरकता येईल काय, हा विरोधकांचा सवाल. डॉक्टर आपले वतन राखत आहेत, हा समर्थकांचा टोमणा. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. पण वादाची खरी गाठ अभ्यासक्रमाच्या लांबीत नाही.

ही कल्पना अमेरिकेची. ड्यूक विद्यापीठातील डॉ. यूजीन स्टेड यांनी १९६५ मध्ये पहिली तुकडी सुरू केली, तेव्हा त्यात नौदलात वैद्यकीय मदतनीस म्हणून काम केलेले चौघे होते. जखमा, ताप, रक्तस्राव त्यांनी पाहिलेला होता; माणूस खरोखर आजारी कधी दिसतो, हे त्यांच्या नजरेला ठाऊक होते. दोन वर्षांच्या शिक्षणाने त्या अनुभवाला शास्त्राची बैठक दिली. या शतकाच्या आरंभी ब्रिटनने हा नमुना उचलला, त्यासाठी प्रारंभी अमेरिकेतूनच माणसे आणली आणि पुढे आपल्या विद्यापीठांत वर्ग काढले. कालावधी साधारण तोच राहिला, विद्यार्थी मात्र बदलला. प्रयोगशाळेतून आणि वाचनालयातून थेट आलेल्या बाविशी-तेविशीतील पदवीधराने रुग्णालयात एक दिवसही काम केलेले असेलच असे नाही. अभ्यासक्रम सुमारे ३,२०० तासांचा, त्यातले निम्मे तास वॉर्डात आणि दवाखान्यात. त्यानंतर राष्ट्रीय परीक्षा. हे थोडे नाही. पण मुळात ज्या पायावर ही दोन वर्षे रचली होती, तो पायाच येथे गृहीत धरला गेला.

त्याहून मोठी अडचण परीक्षेनंतरची. नवा डॉक्टर पदवी घेऊन बाहेर पडतो तेव्हा त्यालाही फारसे येत नसते, हे कोणताही प्रामाणिक वरिष्ठ डॉक्टर सांगेल. पण त्याच्यापुढे शिडी असते: दोन वर्षांचा पायाभूत टप्पा, मग विशेष शाखेचे प्रशिक्षण, परीक्षांमागून परीक्षा आणि प्रत्येक पायरीवर त्याच्या कामावर सही करणारा कोणीतरी. फिजिशियन असोसिएटला अशी शिडी नव्हती. परीक्षा झाली की थेट नोकरी आणि पगार बांधलेला. २०२४-२५ मध्ये तो इंग्लंडमध्ये वर्षाला ४६,१४८ पौंडांपासून सुरू होत होता, तर पहिल्या वर्षाच्या डॉक्टरचे मूळ वेतन ३६,६१६ पौंड होते. डॉक्टरांचा आठवडा अधिक तासांचा, ही बाब वेगळीच. ज्याचे वैद्यकीय शिक्षण आपल्याहून कमी वर्षांचे त्याला आपल्याहून जास्त पगार, हे तरुण डॉक्टरांच्या पचनी पडले नाही यात नवल ते काय?

आणि काम तरी कोणते दिले? निदान झालेल्या रुग्णाची पाहणी, रक्त काढणे, डिस्चार्जची कागदपत्रे, ठरलेल्या आजारांचा पाठपुरावा यांसाठी दोन वर्षांची तयारी पुरेशी आहे. पण ब्रिटनमध्ये जीपींच्या, म्हणजे कुटुंब डॉक्टरांच्या, दवाखान्यांवर ताण इतका, की असोसिएटना थेट पहिल्या भेटीचे रुग्ण दिले गेले. वैद्यकातले सर्वांत अवघड काम नेमके हेच. शंभर जणांचे पाय दुखत असतात, त्यातल्या एखाद्याच्या पोटरीत रक्ताची गुठळी असते. तो एक ओळखायला पुस्तकी ज्ञानापेक्षा आपल्याला काय कळत नाही याची जाण लागते, आणि ती हजारो रुग्ण पाहून येते. २०२२ मध्ये लंडनमधील एक तरुणी अशाच दुखण्यासाठी दोनदा दवाखान्यात गेली. तपासणारी व्यक्ती डॉक्टर आहे असे तिला वाटत होते. गुठळी फुप्फुसात जाऊन ती दगावली. त्यानंतर हा विषय संसदेपर्यंत गेला.

तरीही जून २०२३ च्या मनुष्यबळ आराखड्यात ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने (एनएचएस) २०३६-३७ पर्यंत दहा हजार फिजिशियन असोसिएटचे उद्दिष्ट ठेवले. डॉक्टरांची नियामक संस्था असलेल्या जनरल मेडिकल कौन्सिलकडून या पेशाचे कायदेशीर नियमन सुरू झाले ते डिसेंबर २०२४ मध्ये. म्हणजे आधी माणसे कामाला लावली, संख्या वाढवायची ठरवली आणि परवान्याचा बंदोबस्त त्यानंतर केला. जुलै २०२५ मध्ये प्रा. जिलियन लेंग यांनी सरकारसाठी केलेल्या स्वतंत्र आढाव्यात जे सुचवले ते या पार्श्वभूमीवर वाचावे. पदनाम ‘फिजिशियन असिस्टंट’ करा. जीपीकडे जाण्याआधी किमान दोन वर्षे रुग्णालयात काम करू द्या. निदान न झालेले रुग्ण ठरवून दिलेल्या चौकटीबाहेर त्यांच्याकडे पाठवू नका. आणि अनुभवी असिस्टंटसाठी वरची पायरी तयार करा. पेशा मोडीत काढा, असे त्यांनी म्हटले नाही. सरकारने शिफारशी स्वीकारल्या. आम्हाला त्यातली रुग्णालयातल्या दोन वर्षांची अट सर्वांत मोलाची वाटते, कारण ती कबूल करते की पदविका हातात पडल्यावरच खरे शिक्षण सुरू होते. मात्र देखरेखीला लागणारा वरिष्ठ डॉक्टरांचा वेळ कोणाच्या वेळापत्रकातून काढायचा, हे नामांतराने सुटत नाही.

भारतात हा पेशा १९९२ मध्ये चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये, डॉ. के. एम. चेरियन यांच्या पुढाकाराने हृदयशस्त्रक्रियेच्या कामात आला. तेथे देखरेखीची वेगळी सोय करावी लागत नाही. सर्जन त्याच टेबलापाशी उभा असतो. संलग्न आरोग्य व्यवसायांच्या २०२१ च्या केंद्रीय कायद्याने आता या पेशालाही आपल्या कक्षेत घेतले आहे. महाराष्ट्राने मात्र निराळाच मार्ग धरला. २०१४ च्या दुरुस्तीने एक वर्षाचा औषधशास्त्राचा अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथी डॉक्टरांना मर्यादित ॲलोपॅथी उपचारांची मुभा दिली, आणि २०२५ मध्ये त्यांच्या नोंदणीवरून डॉक्टर संपावर गेले. त्या वादात अभ्यासक्रम किती महिन्यांचा यावर पुष्कळ बोलले गेले. रात्री दोन वाजता छातीत दुखणारा रुग्ण आला तर हे डॉक्टर फोन कोणाला करतील, हे विचारणारे फार थोडे होते.