तांबे तेच, दावे दोन

यात्रेतल्या दुकानांच्या रांगेत, तुळशीच्या माळांच्या शेजारी, तांब्याच्या कड्यांनी भरलेली एक परात हमखास दिसते. सांधे दुखतात का, असे विक्रेता विचारतो आणि उत्तराची वाट न पाहता कडे हातात चढवतो. तेच कडे आता मोबाइलवरही मिळते. तिथे त्याच्या टोकांना चुंबक बसवलेले असतात, नाव इंग्रजी असते आणि किंमत काही पटींनी जास्त. खाली ग्राहकांचे अभिप्राय असतात. कुणाच्या आईला पंधरा दिवसांत फरक पडला, कुणाचा गुडघा वर्षभराने वाकू लागला.

या अभिप्रायांतले काही पैसे देऊन लिहून घेतलेले असतील. पण बरेचसे खरे असतात, आणि अडचण तिथेच आहे. कडे घातले, त्यानंतर दुखणे कमी झाले, हे सांगणारा माणूस खोटे बोलत नसतो. त्याच्या सांगण्यावरून कड्याबद्दल मात्र काहीच कळत नाही.

असे का, हे समजायला आमवाताचे उदाहरण चांगले. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, ज्याला मराठीत आमवात म्हणतात, हा चढउताराचा आजार आहे. काही आठवडे सांधे सुजतात, मग आपोआप थोडी उसंत मिळते, पुन्हा एखादा वाईट महिना येतो. आता माणूस कडे विकत घेतो तो कधी? बरे वाटत असताना नक्कीच नाही. रात्रभर झोप लागली नाही, सकाळी चहाचा कप उचलवेना, केस विंचरता येईनात, अशा दिवसांत तो काहीही करून पाहायला तयार असतो. म्हणजे खरेदी होते तेव्हा दुखणे टोकाला पोचलेले असते. टोकावरून ते बहुतेक वेळा खालीच येणार असते, कडे असो वा नसो. त्या उताराचे श्रेय त्या वेळी जो हजर असेल त्याला मिळते, आणि कडे तर चोवीस तास मनगटावर हजर असते. डॉक्टरांच्या गोळ्याही चालू असतात, पण त्या दिसत नाहीत. ज्यांना काहीच फरक पडत नाही ते अभिप्राय लिहायला बसत नाहीत. त्यांचे कडे कपाटाच्या खणात जाऊन पडते.

हा गुंता सोडवायचा एक साधा मार्ग आहे. इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठाच्या स्टुअर्ट रिचमंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो नेमका या कड्यांसाठी वापरून पाहिला. त्याचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. आमवाताचे ७० रुग्ण निवडले गेले. प्रत्येकाने पाळीपाळीने चार वस्तू मनगटात घातल्या, प्रत्येक वस्तू पाच आठवडे: जोरदार चुंबक असलेला पट्टा, अगदी क्षीण चुंबकाचा पट्टा, चुंबकत्व काढून टाकलेला पट्टा आणि तांब्याचे कडे. कोणाला कोणती वस्तू कोणत्या क्रमाने द्यायची, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले गेले.

क्षीण चुंबकाचा पट्टा कशाला, असा प्रश्न पडेल. त्यामागे माणसाच्या स्वभावाची चांगली ओळख आहे. चुंबक काढून टाकलेला पट्टा हाती आला तर रुग्ण तो किल्लीला लावून पाहणारच. किल्ली चिकटली नाही की आपल्याला नकली पट्टा दिला हे त्याला कळणार, आणि मग दुखणे कमी वाटायचे तेही वाटणार नाही. क्षीण चुंबक किल्लीला चिकटतो, पण ज्या ताकदीवर उपचाराचा दावा उभा असतो ती त्याच्यात नसते.

पाच महिने हे चालले. रुग्णांनी आपली वेदना मोजपट्टीवर नोंदवली, गोळ्या किती घेतल्या ते लिहिले, दुखणारे आणि सुजलेले सांधे मोजले गेले. शरीरातला दाह दाखवणाऱ्या रक्तचाचण्याही प्रत्येक पाच आठवड्यांच्या शेवटी झाल्या. रक्ताला कोणी काय घातले आहे हे माहीत नसते, म्हणून ही नोंद विशेष महत्त्वाची. चारही वस्तूंमध्ये म्हणण्यासारखा फरक कुठेच निघाला नाही, ना वेदनेत, ना सुजेत, ना रक्तात. मधल्या काळात काही रुग्णांना बरे वाटलेही असेल. पण ते बरे वाटणे खऱ्या चुंबकाने आणि निर्जीव पट्टीने सारखेच येत असेल, तर चुंबकाचे पैसे कशाचे?

चुंबकाच्या बाजूने नेहमी सांगितले जाते की रक्तात लोह असते आणि चुंबक ते खेचून रक्तप्रवाह वाढवतो. रक्तातले लोह हिमोग्लोबिनमध्ये बांधलेले असते, खिळ्यातल्या लोखंडासारखे ते चुंबकाकडे धावत नाही. तसे धावत असते, तर एमआरआयच्या प्रचंड चुंबकात अर्धा तास पडून आलेल्या प्रत्येक माणसाचे गुडघे बरे झाले असते. (लोक तिथे गुडघेदुखी घेऊन जातात आणि तीच घेऊन, वर फिल्म घेऊन, बाहेर येतात.) तांब्याची कथा अशी की शरीरात तांबे कमी पडते आणि ते कातडीतून आत जाते. आमवाताच्या रुग्णांच्या रक्तात तांब्याचे प्रमाण बहुधा कमी नसते, उलट दाहामुळे वाढलेलेच सापडते. मनगटावर उमटणारा हिरवा डाग हा तांबे आणि घाम यांच्यातल्या रासायनिक क्रियेचा आहे, औषध आत जात असल्याचा तो पुरावा नव्हे.

कोणाला काय दिले आहे हे झाकून ठेवायचे आणि मग विचारायचे, एवढीच ही युक्ती. तिला प्रयोगशाळा लागतेच असे नाही. अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या एमिली रोझा या नऊ वर्षांच्या मुलीने ती शाळेच्या विज्ञान प्रकल्पासाठी वापरली. रुग्णाला स्पर्श न करता, हात नुसते वर फिरवून त्याचे 'ऊर्जाक्षेत्र' जाणवते, असा काही उपचारकांचा दावा होता. एमिलीने पुठ्ठ्याचा पडदा उभा केला. उपचारकांनी त्याच्या भोकांतून दोन्ही हात पुढे ठेवायचे. पलीकडे ती नाणे उडवून ठरवायची आणि त्यांच्या एका हातावर, स्पर्श न करता, आपला हात धरायची. कोणत्या हाताला ऊर्जा जाणवते? २१ उपचारक, २८० प्रयत्न, बरोबर उत्तरे १२३, म्हणजे ४४ टक्के. नुसते नाणे उडवून उत्तर दिले असते तरी निम्मी बरोबर आली असती. हा प्रयोग १९९८ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आला.

महाराष्ट्राला ही रीत परकी नाही. २००८ साली पुण्यात जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे आणि एकेकाळी स्वतः ज्योतिष केलेले प्रकाश घाटपांडे यांनी १०० हुशार आणि १०० मतिमंद मुलांच्या कुंडल्या गोळा केल्या. २७ ज्योतिष्यांना त्यातल्या प्रत्येकी ४० देऊन कोणती कुंडली कोणत्या गटातली ते ओळखायला सांगितले. सरासरी ४६ टक्के उत्तरे बरोबर आली. त्या वेळी मराठी वृत्तपत्रांतून यावर बराच वाद झाला. पण कुंडलीवर विश्वास न ठेवणाऱ्या घरांतही हीच कसोटी आरोग्याच्या वस्तूंना लावण्याचे कोणाच्या मनात येत नाही. ज्योतिषी भगवे उपरणे घेऊन येतो म्हणून सुशिक्षित माणूस सावध होतो. पांढरा कोट घालून, 'टेस्ट केलेले' असा शिक्का मारून वस्तू आली की सावधपणा सुटतो. टेस्ट केले म्हणजे काय केले, कशाशी तुलना केली, निकाल काय लागला, यातले काहीच तो शिक्का सांगत नाही.

दहा-पंधरा वर्षांपूर्वी होलोग्राम चिकटवलेल्या रबरी पट्ट्यांची जगभर लाट आली होती. पॉवर बॅलन्स हे त्यातले गाजलेले नाव, मोठमोठे खेळाडू तो पट्टा घालून मिरवत. विक्रीची पद्धत ठरलेली. एका पायावर उभे राहा, हात पसरा. विक्रेता हात खाली दाबतो, माणूस डगमगतो. मग पट्टा घातला की तोच माणूस खांबासारखा उभा. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात ४२ खेळाडूंवर हे झाकून तपासले गेले, कधी खरा पट्टा, कधी नुसता रबर. कामगिरी बहुतेक चाचण्यांत दुसऱ्या वेळी सुधारत होती, पट्टा कोणताही असो. पहिल्या वेळी शरीराला अंदाज येतो, दुसऱ्या वेळी तोल सावरतो, इतकेच. विक्रेता पट्टा नेहमी दुसऱ्या वेळी घालत असे. डिसेंबर २०१० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक नियामकापुढे तिथल्या कंपनीला कबूल करावे लागले की या दाव्यांना विश्वासार्ह शास्त्रीय आधार नाही, आणि ग्राहकांना पैसे परत देण्याची तयारी दाखवावी लागली.

इथवर वाचून कोणाला वाटेल की हे सारे परंपरेच्या विरोधात चालले आहे. तर पुन्हा तांब्याकडेच यावे. रात्री तांब्याच्या भांड्यात पाणी भरून ठेवावे, हे घरोघरी सांगितले जाते. बंगळूरु आणि कोलकात्याच्या संशोधकांनी हेही तपासले, आणि ते २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. पाण्यात पटकी, हगवण आणि जुलाब यांचे जंतू मुद्दाम मिसळले आणि ते तांब्याच्या भांड्यात सामान्य तापमानाला १६ तास ठेवले. त्यानंतर त्या पाण्यातून एकही जंतू वाढवता आला नाही. पाण्यात उतरलेले तांबेही जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या आत होते. शुद्ध पाण्याची सोय नसलेल्या घरासाठी ही लहान गोष्ट नाही. अर्थात जिंकला तो पाण्यातले जंतू मारण्याचा दावा. त्याच्या जोरावर तांब्याची बाटली वजन उतरवते, थायरॉइड ताळ्यावर आणते, असे म्हणायला कोणाला मुभा मिळत नाही. आणि ज्या आज्या तांब्यात पाणी ठेवत, त्याच आज्या त्यात ताक किंवा लिंबाचे सरबत ठेवू देत नसत, कल्हई उडालेल्या भांड्यात आमटी करू देत नसत. आंबट पदार्थात तांबे जास्त उतरते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. बाटली विकणाऱ्यांच्या जाहिरातीत हा भाग क्वचित दिसतो.

म्हणून वस्तू जुनी की नवी, देशी की विदेशी, यावरून काही ठरत नाही. एकच धातू एका दाव्यात उत्तीर्ण होतो आणि दुसऱ्यात नापास, आणि दोन्ही निकाल त्याच कसोटीने लागतात.

मग ही कसोटी लावायची कोणी? आज ते ओझे ग्राहकाच्या डोक्यावर आहे, आणि हे उफराटे आहे. औषध बाजारात यायच्या आधी त्याला चाचण्यांतून जावे लागते. कड्याला, पट्ट्याला, पायाला चिकटवायच्या 'डिटॉक्स' पट्टीला असे काही लागत नाही, कारण ते औषध नसते, ते 'वेलनेस' असते. 'बरे करते' असे लिहिले तर कायदा आडवा येतो, म्हणून 'साहाय्यक ठरते' असे लिहितात. देशात कायदे नाहीत असे नाही. १९५४ सालच्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याच्या यादीत संधिवात आहे, शरीराची उंचीही आहे, आणि जादुई उपायांच्या व्याख्येत तावीज, मंत्र, कवच आहेत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने फसव्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड ठेवला आहे. पण ही सगळी यंत्रणा जाहिरात झाल्यानंतर जागी होते. कोणी तक्रार करावी, मग पुरावा मागवावा, तोवर हंगाम संपलेला असतो आणि वस्तू दुसऱ्या नावाने आलेली असते. यॉर्कच्या चाचणीला ७० माणसे आणि पाच महिने लागले. ज्या कंपनीला जाहिरातीसाठी सिनेतारका परवडते तिला हे परवडत नाही, असे म्हणता येणार नाही. आधी पुरावा सार्वजनिक करा आणि मग जाहिरात करा, इतका साधा नियम आरोग्याचा दावा करणाऱ्या प्रत्येक वस्तूला लावायला हरकत नसावी.

'पण नुकसान तर काही नाही ना?' असा प्रश्न यावर नेहमी येतो. कडे मनगटाला काही करत नाही, हे खरे. वेळेचे मात्र करते. आमवात हा सांध्याच्या आतले हाड आणि कूर्चा कुरतडणारा आजार आहे, आणि हे कुरतडणे पहिल्या एक-दोन वर्षांतच बरेच होऊन जाते. बोटे एकदा वाकडी झाली की कोणतीही गोळी ती सरळ करत नाही. म्हणून लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण तीन महिन्यांच्या आत आजार आटोक्यात ठेवणारे औषध सुरू व्हावे, असे युरोपातील तज्ज्ञांची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. त्यातले मुख्य औषध, मेथोट्रेक्सेट, जुने आहे आणि महागही नाही. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, आणि अधूनमधून रक्ततपासणी करावी लागते. पुरुषांपेक्षा स्त्रियांना हा आजार दोन-तीन पट अधिक होतो, आणि आपल्या घरांत बाईचे दुखणे आधी कामाचा शीण म्हणून, मग वयाचा दोष म्हणून, मग कडे घालून पुढे ढकलले जाते.

दोन्ही हातांची बोटे, मुळाशी किंवा मधल्या पेरावर सुजलेली, आणि सकाळी उठल्यावर मूठ वळायला अर्धा-पाऊण तास किंवा त्याहून जास्त लागणे, हे सहा आठवडे चालू असेल, तर सांधेरोगतज्ज्ञ किंवा निदान जवळचा एम. डी. डॉक्टर गाठायला हवा. तिथे आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या रक्तचाचण्या सांगितल्या जातील, कदाचित हातांचा एक्स-रेही. कडे हातात असले तर असू द्यावे. फक्त एक्स-रे काढताना ते उतरवून ठेवावे लागेल.