गावच्या मैदानावर शिकलेला प्रशिक्षक हवा

समर्थ रामदासांचे जन्मगाव म्हणून घनसावंगी तालुक्यातील जांब समर्थ साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. समर्थांनी गावोगावी मारुतीची स्थापना करून बलोपासनेचा आग्रह धरला. आज त्याच जालना जिल्ह्यातली मुले मोबाइलवर युरोपातले फुटबॉल सामने पाहतात आणि संध्याकाळी शाळेच्या पटांगणात चेंडू लाथाडतात. त्यांना खेळ शिकवणे हे एखाद्या गावातल्या तरुणाचे पोटापाण्याचे काम होऊ शकते का? हा प्रश्न क्रीडा खात्याचा वाटतो, पण तितकाच तो आरोग्याचाही आहे.

वाढत्या वयाचे मूल डॉक्टरकडे वर्षातून एकदा-दोनदा येते, तेही तापाने फणफणल्यावर. प्रशिक्षक त्याला आठवड्यातून चार दिवस धावताना पाहतो. दहा ते पंधरा वर्षांच्या मुलांची हाडे झपाट्याने वाढतात. मांडीचा स्नायू नडगीच्या वरच्या, अजून कोवळ्या टोकाला ओढत राहतो आणि गुडघ्याखाली दुखरे टेंगूळ येते. याला ‘ऑसगुड-श्लॅटर’ म्हणतात. खेळ थोडा कमी केला, व्यायाम बदलला की बहुतेकदा ते निवते. पण ‘नाटकं करू नकोस, पळ’ म्हणणारा प्रशिक्षक तेच दुखणे महिनोन्‌महिने लांबवतो.

मुलींच्या बाबतीत ही नजर आणखी मोलाची आहे. आपल्या राज्यात निम्म्याहून अधिक किशोरींना रक्तक्षय आहे. लवकर दम लागणारी मुलगी आळशी नसते, अनेकदा तिचे हिमोग्लोबिन कमी असते. तिला संघातून काढायचे की प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणीला पाठवायचे, हे मैदानावरच ठरते. शाळेत मिळणारी आठवड्याची निळी लोहाची गोळी ती घेते का, हेही प्रशिक्षक सहज विचारू शकतो.

दुखापती टाळण्याचे शास्त्रही आता हाताशी आहे. ‘फिफा ११+’ हा साधारण वीस मिनिटांचा सराव आहे. त्यात धावणे, तोल सांभाळणे, उडी मारून गुडघे किंचित वाकवून उतरणे असे साधे प्रकार आहेत, आणि चेंडूखेरीज फारसे साहित्य लागत नाही. लहान मुलांसाठीच्या त्याच्या आवृत्तीची चाचणी युरोपातील चार देशांत झाली. तिथे दुखापती जवळपास निम्म्याने घटल्या. उन्हाळ्यात दगडासारख्या कडक होणाऱ्या आणि भेगाळणाऱ्या आपल्या काळ्या मातीवर पाऊल मुरगळणे नेहमीचेच, म्हणून हा सराव इथे अधिकच गरजेचा आहे. डोक्याने चेंडू मारण्याबाबत इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने 2020 मध्ये प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुलांना सरावात तो शिकवू नये असे सांगितले. आपणही तो नियम पाळायला हरकत नाही.

मराठवाड्याचे ऊन हा वेगळाच विषय. एप्रिल-मेमध्ये सराव सकाळी आठच्या आत संपायला हवा. उन्हात मूल कोसळले, बरळू लागले, तर आधी अंगावर पाणी ओतून, वारा घालून थंड करायचे आणि मग दवाखान्यात न्यायचे. हा क्रम प्रशिक्षकाला पाठ हवा. 2021 च्या युरो स्पर्धेत डेन्मार्कचा ख्रिश्चन एरिक्सन मैदानात कोसळला, तेव्हा छातीवर तत्काळ दिलेला दाब आणि विजेचा झटका यांनीच त्याला वाचवले. गावात झटक्याचे यंत्र नसेल, पण दोन हात असतात. ते कसे वापरायचे, हे आरोग्य केंद्रातील डॉक्टर अर्ध्या दिवसात शिकवू शकतात.

आता पोटाचा प्रश्न. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या परवान्यांची शिडी ‘डी’पासून सुरू होऊन सी, बी, ए अशी वर जाते. सोबत बी.पी.एड. असेल तर शाळेचे दार उघडण्याची शक्यता वाढते. तरीही एका गावावर घर चालणार नाही, हे तरुणाने आधीच ओळखावे. आसपासच्या तीन-चार शाळा, सुटीतली शिबिरे आणि सुरुवातीला शेतीचा आधार, अशीच जुळवाजुळव करावी लागेल. नागपुरात विजय बारसे यांनी 2001 मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांसाठी फुटबॉल सुरू केले. सुरुवात साध्या मैदानापासून होते, हे त्यातून घेण्यासारखे आहे.

मात्र सगळा भार त्या तरुणाच्या हौसेवर टाकणे योग्य नाही. फुकट राबणारा माणूस दोन वर्षांत पुण्या-मुंबईची वाट धरतो आणि मुले पुन्हा वाऱ्यावर. आशा सेविकेचे काम आरोग्याचे आहे म्हणून तिला मानधन मिळते, ते अपुरे असले तरी. प्रशिक्षकाचे कामही त्याच जातीचे आहे. ग्रामपंचायत, शाळा आणि पालक यांनी मिळून त्याचे ठरावीक मानधन बांधून द्यावे. त्या बदल्यात तीन गोष्टी मागाव्यात : परवाना, प्रथमोपचाराचे प्रशिक्षण आणि मुलांशी, विशेषतः मुलींशी, वागण्याचे लेखी नियम.

या मुलांतून भारतीय संघात कोणी जाईल की नाही, हे सांगता येत नाही. पण चाळिशीत मधुमेह, रक्तदाब घेऊन सरकारी रुग्णालयाच्या रांगेत उभे राहणारे त्यांच्यातले काही जण तरी कमी होतील. मानधनाच्या हिशेबात ही बचतही धरायला हवी.