शेतातल्या डब्याने आधी लिहावं

ऑक्टोबर छाटणी झाली की निफाडकडच्या बागायतदारांचे फोन सुरू होतात. माझा धंदा छोटा आहे. द्राक्षबागेत बसवायचे हवामान नोंदवणारे डबे मी बनवतो आणि दुरुस्तही करतो. तापमान, आर्द्रता, पानावरचा ओलावा. हल्ली गिऱ्हाईक आधी विचारतं, ‘मोबाईलवर आलेख लगेच दिसतो ना?’ विकणारेही तेच मिरवतात. मला हा प्रश्नच उलटा वाटतो.

डब्यात असतं काय? सोलरवर चालणारी लहानशी बॅटरी, एक चिप, एक मेमरी कार्ड. आर्डुइनो उनो आर३ची रॅम जेमतेम २ केबी. तिच्यात डेटाबेस मावत नाही म्हणून काही जण जास्त वीज खाणारा रास्पबेरी पाय बसवतात आणि त्यावर एसक्यूलाइट चालवतात. एसक्यूलाइट उत्तमच आहे. पण पटकन शोधता यावं म्हणून वेळेवर एक इंडेक्स, तापमानावर दुसरा, ओलाव्यावर तिसरा असं करत गेलं, की १६ बाइटच्या एका नोंदीपायी ४०९६ बाइटची चार पानं पुन्हा लिहावी लागतात, जर्नल वेगळंच. कार्ड झिजतं, बॅटरी उतरते. आणि हे सगळं दिवसातून एकदा आलेख बघण्यासाठी!

जुने व्यापारी गिऱ्हाईक समोर असताना रोजमेळात फक्त ओळ टाकत. खतावणी व्हायची सवडीने, दुकान निवल्यावर. डब्याचा रोजमेळ बागेत ठेवा, खतावणी घरच्या लॅपटॉपवर करा.

मिनिटाला एक नोंद म्हणजे दिवसाला १४४०. प्रत्येक नोंद बरोबर १६ बाइटची ठेवली तर वर्षाचे साडेआठ एमबीसुद्धा होत नाहीत. शिवाय सगळ्या नोंदी एकाच मापाच्या असल्या की इंडेक्स लागतच नाही. पहाटे ४ची नोंद दिवसातली २४१वी; आधीच्या २४० नोंदींचे ३८४० बाइट सोडून थेट तिथे जायचं. सेन्सर गप्प राहिला तर त्या मिनिटाला कोरी नोंद टाकायची, नाहीतर पुढचं सगळं गणित सरकतं. (हे विसरणारे कारागीर पुष्कळ आहेत.)

खरी ओढाताण वेगळीच आहे. कार्डाशी व्यवहार ५१२ बाइटच्या तुकड्यांत होतो. ३२ नोंदी साठवून एकदम लिहिल्या तर कार्ड आणि बॅटरी दोन्ही वाचतात, पण मध्येच वीज गेली तर अर्ध्या तासाच्या नोंदी गेल्या. फुलोऱ्यात, पावसाळी हवेत, तो अर्धा तास महाग पडतो. तेव्हा मी आठ-आठ नोंदींनी लिहितो. उन्हाळ्यात, खरड छाटणीनंतर, बत्तीसने.

आणि शेतकऱ्याला उत्तर लगेच हवं असतं ते एकाच प्रश्नाचं: रात्री पान किती वेळ ओलं होतं? डाऊनी या रोगावरची फवारणी त्यावर ठरते. त्यासाठी जुन्या नोंदी धुंडाळायच्याच कशाला? नोंद लिहिताना ओल्या मिनिटांची बेरीज चालू ठेवायची आणि सकाळी तो एक आकडा एसएमएसने पाठवायचा. खर्च दोन बाइटांचा.

पुढच्या वेळी डबा घ्याल तेव्हा विकणाऱ्यासमोर बॅटरी काढून बघा, किती मिनिटं बुडाली ते. मग कार्ड काढून मूळ फाइल मागा. ती फक्त कंपनीच्या ॲपमध्येच उघडत असेल, तर पैसे अजून खिशातच राहू द्या.