तळ्याकाठचा भूगोल

थंडी सुरू झाली की शाळांतून क्षेत्रभेटीची संमतीपत्रके घरोघरी येऊ लागतात. दहावीच्या भूगोलाच्या पुस्तकातला पहिलाच पाठ 'क्षेत्रभेट' आहे. त्यातली मुले नळदुर्गहून निघून थेट अलिबागच्या किनाऱ्याला पोहोचतात. आपल्या घरांत मात्र हे पत्रक बरेच दिवस सही न होता पडून राहते. मुलगा असेल तर खर्चाचा विचार होतो, मुलगी असेल तर 'परत यायला मगरिब होईल का?' असे विचारले जाते. दोन्ही शंका रास्त आहेत आणि त्यांची उत्तरे शाळेनेच आधी द्यायला हवीत. पण यंदा महाड-पोलादपूरच्या भेटीचा कार्यक्रम घरी पाठवला तेव्हा एका पालकांनी वेगळेच विचारले. "सर, नदी आणि खाडी समजलो. पण चवदार तळे कशाला? ते इतिहासातले, आणि आपला त्याच्याशी काय संबंध?"

त्यांना फोनवर दोन मिनिटांत सांगणे जमले नाही, म्हणून या महिन्याचे पान त्याच उत्तराला देत आहोत.

आधी नदी पाहू. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते. त्याच डोंगरावर कृष्णाही उगम पावते. कृष्णा पूर्वेला वळून तेराशे-चौदाशे किलोमीटर चालते आणि बंगालच्या उपसागराला मिळते. सावित्री पश्चिमेला कड्यावरून खाली उतरते आणि शंभर-एक किलोमीटरांत बाणकोटजवळ अरबी समुद्राला मिळते. वर्गात फळ्यावर हे काढून दाखवले तर मुले वहीत उतरवून घेतात आणि विसरतात. पोलादपूरला पात्राजवळ उभे केले की विसरत नाहीत. तिथे मोठमोठे धोंडे पडलेले दिसतात, महाडला येईपर्यंत त्यांचे गोटे आणि वाळू होते, आणि दासगावला पायाखाली नुसता चिखल असतो. उतार कमी झाला की नदीच्या अंगातली ताकद कमी होते आणि ती ओझे खाली ठेवते, हे मग वेगळे शिकवावे लागत नाही.

महाडला या नदीला समुद्र भेटायला येतो. भरतीचे पाणी खाडीतून पार इथपर्यंत चढते. उधाण कधी आणि भांग कधी, हे कोकणातल्या माणसाला चांद पाहून कळते, आणि आपल्या मुलांना तर ते घरच्या हिजरी कॅलेंडरवरच दिसते. अमावस्येच्या आसपास, म्हणजे नवा चांद दिसतो त्या दिवसांत, आणि तेरा-चौदा-पंधरा तारखेला भरती मोठी. सात-आठ आणि बावीस-तेवीसच्या सुमारास लहान. हे सांगितले की वर्गातली सगळ्यात मागे बसणारी मुलेही मान वर करतात. रमजान आणि ईदसाठी पाहिलेला चांद दर्याचेही वेळापत्रक सांभाळतो, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

२०२१ चा पूर याच तारखांनी समजावून देता येतो. त्या वर्षी बकरी ईद २१ जुलैला होती. कुर्बानीचे दिवस अजून संपायचे होते. २३ जुलैच्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत एकट्या महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. ते सगळे पाणी काही तासांत कड्यावरून खाली आले. पौर्णिमा तोंडावर होती, म्हणजे खालून उधाणाची भरती. वरचे पाणी उतरायला बघते आणि खालचे त्याला वाट देत नाही, त्यात पात्र गाळाने उथळ झालेले. महाड शहर बुडाले ते या दोघांच्या मध्ये सापडून. २२ तारखेला तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. आमच्या वर्गात अशी मुले आहेत ज्यांच्या नातेवाइकांचे घर त्या पुरात छतापर्यंत पाण्यात होते. त्यांच्यासमोर 'पुराची कारणे लिहा' असा पाच गुणांचा प्रश्न ठेवताना शिक्षकाने आवाज जरा खाली ठेवावा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महामार्गावरचा ब्रिटिशकालीन पूल दोन एसटी गाड्यांसह वाहून गेला, ती जागाही मुलांना दाखवतो, पण तिथे फार बोलत नाही.

मग दासगाव. मुलांना तळ्यावर नेण्याआधी आम्ही मुद्दाम इथे आणतो. खाडीकडे बोट दाखवून सांगतो की एके काळी मुंबईहून निघालेली बोट इथवर यायची. २४ डिसेंबर १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी 'पद्मावती' बोटीने मुंबईहून निघाले आणि दुसऱ्या दिवशी दासगावला उतरले. तिथून महाड पाच मैल. म्हणजे चवदार तळ्याचा इतिहास भरतीच्या पाण्यावरून आत आलेला आहे. खाडी किती आतपर्यंत बोट घेत होती, आज का घेत नाही, गाळ कुठून आला, हे सगळे प्रश्न भूगोलाचेच आहेत.

मग परत महाडात, तळ्यावर. पावसाच्या आणि झऱ्यांच्या पाण्याचे हे तळे. त्याच्या काठावर उभे राहून आम्ही मुलांना तारखा सांगतो. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने त्याप्रमाणे तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले, काठावर काहीच बदलले नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी हजारो लोकांसह इथे येऊन ओंजळभर पाणी प्यायले. त्यानंतर मंडपात जेवत असलेल्या लोकांवर हल्ला झाला, तळ्याचे शेणगोमूत्राने 'शुद्धीकरण' झाले, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला आणि प्रकरण कोर्टात गेले. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागला १७ मार्च १९३७ ला. दहा वर्षांना तीन दिवस कमी. एका ओंजळीला एवढा काळ लागला.

आता त्या पालकांच्या प्रश्नाकडे येतो. मार्चमध्ये मारहाण झाली तेव्हा जीव वाचवायला काही जणांनी मुसलमानांच्या घरांत आसरा घेतला. डिसेंबरच्या परिषदेला महाडात जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी मंडपासाठी आपली जमीन दिली. हे आपल्या मुलांना ठाऊक असलेच पाहिजे. आपल्याकडच्या सभांतून ही गोष्ट अभिमानाने सांगितलीही जाते.

पण तिथेच थांबून चालत नाही. या तळ्यावर मुसलमानांना बंदी नव्हती. बाबासाहेबांनी स्वतः हे बोलून दाखवले होते की इतर धर्मांच्या लोकांना इथे कोणी अडवत नाही, अडवतात ते फक्त आम्हाला. म्हणजे आपल्या पणज्यांच्या घागरी या पाण्यात बुडत होत्या आणि त्याच गावातला शेजारी पाण्याला हात लावू शकत नव्हता. एका फत्तेखानांनी जमीन दिली, तो मान त्यांचा. बाकीच्यांनी घागर भरून डोक्यावर घेतली आणि घर गाठले. मुलांना आम्ही दोन्ही सांगतो. पहिले सांगून दुसरे गाळायचे, हा शिक्षकाचा धंदा नव्हे.

आणि आपल्याला तर याबाबतीत अनभिज्ञ असल्याचे कारणही सांगता येत नाही. पाणी, गवत आणि आग यांत सगळ्यांची भागीदारी आहे, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आपल्या मदरशातल्या लहान मुलालाही माहीत असते. मदिन्यात रूमा नावाच्या विहिरीचे पाणी विकत घ्यावे लागत असे. हजरत उस्मान (र.) यांनी ती विहीर विकत घेऊन सर्वांसाठी वक्फ केली. ही हकिकत आपण सवाबाची गोष्ट म्हणून ऐकवतो. तिच्यात पाण्याच्या मालकीचा जो प्रश्न आहे, तो सहसा कोणी उघडत नाही.

म्हणून आमच्या क्षेत्रभेटीच्या तक्त्यात प्रत्येक पाणवठ्यापुढे तीन रकाने असतात. पाणी कुठून येते, कुठे जाते, आणि कोण भरतो व कोणाला विचारून भरतो. पहिले दोन रकाने पुस्तकातूनही भरता येतात. तिसऱ्यासाठी माणसांशी बोलावे लागते. परत आल्यावर हाच तक्ता आपल्या मोहल्ल्यासाठी भरायला देतो. सामायिक बोअरिंगची चावी कोणाकडे, टँकर आला की आधी कोण, भाडेकरूला टाकीतले पाणी किती. गेल्या वर्षी नववीतल्या एका मुलीने लिहिले होते की मशिदीच्या बोअरिंगचा एक नळ रस्त्याच्या बाजूला काढला आहे आणि तिथे कोणीही भरतो. पण घरी कामाला येणाऱ्या मावशीला अम्मी वेगळ्या पेल्यातून पाणी देते, तो पेला खिडकीत उलटा ठेवलेला असतो. पुढे तिने लिहिले होते, 'का ते अजून विचारले नाही.' आम्ही त्या ओळीवर फक्त बरोबरची खूण केली.

ज्या घरांत यंदाचे पत्रक अजून पडून आहे त्यांच्यासाठी: भेट चांदाच्या चौदा तारखेला ठेवली आहे, म्हणजे दासगावला मोठी भरती चढताना दिसेल. कोणीही पाण्यात उतरणार नाही. सावित्रीत मगरी आहेत आणि आम्ही काठावरूनच शिकवतो. सोबत दोन शिक्षिका आहेत. जुहर महाडात होईल, मगरिबच्या आत मुले घरी असतील. वुजू नळावर नाही, बाटलीतल्या पाण्याने करायचा आहे, आणि कोणाला किती लागले याची नोंद तक्त्यात करायची आहे. प्रेषितांना (स.) एक मुद, म्हणजे पाऊण लिटरपेक्षाही कमी पाणी पुरत असे. तेव्हा प्रत्येकाने घरून एक लिटरची बाटली भरून आणावी.