ओढण्याचे बळ आणि आवरण्याचे बळ

गेल्या नाताळच्या सुट्टीत आमच्या नव्या पेठेतील घरी दोन माजी विद्यार्थी भेटीस आले. दोघे सख्खे भाऊ असून अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकतात. सोबत्यांच्या साहाय्याने त्यांनी शर्यतीची एक लहान, एक आसनी मोटार स्वहस्ते तयार केली होती. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी बांधलेल्या अशा मोटारींची ‘बाहा’ नामक स्पर्धा आपल्या देशात प्रथम २००७ साली इंदूरजवळील पीथमपूर येथे भरली. तेथेच यांना जावयाचे होते.

शर्यतीच्या मोटारीची नोंदणी नसल्यामुळे ती हमरस्त्यावर चालविता येत नाही. तिला कोणीतरी नेले पाहिजे. मुलांनी एक दुचाकी गाडा जोडून घेतला होता. तो वडिलांच्या सात आसनी मोटारीमागे बांधून, आईवडिलांसह सर्वांनी निघावे, असा बेत ठरला होता. वडिलांचे म्हणणे एवढेच, “गुरुजी, गाडा व मोटार मिळून वजन चारशे किलो. आमची गाडी ते सहज ओढील. मग टेम्पोचे भाडे कशाला भरावे?”

हा प्रश्न अनेक पालकांच्या मनात येण्यासारखा आहे, म्हणून त्याचे उत्तर येथे सविस्तर देत आहो.

गाडी ओढील, यात आम्हांस शंका नव्हती. परंतु खरा प्रश्न ओढण्याचा नसून आवरण्याचा आहे. वेग दुप्पट झाला म्हणजे गतिजन्य ऊर्जा चौपट होते, हे आमच्या विद्यार्थ्यांनी वर्गात पाठ केलेलेच आहे. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारे ओझे थांबविण्यास जेवढे काम करावे लागते, त्याच्या चौपट काम ८० च्या वेगास करावे लागते. गाड्यास स्वतःचे ब्रेक नसतील, तर तो सारा भार पुढच्या मोटारीच्या ब्रेकांवर पडतो. सोलापुराहून धाराशिव, बीड, छत्रपती संभाजीनगर व धुळे या मार्गाने इंदूरकडे जाणाऱ्या ५२ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गावर कन्नड आणि चाळीसगाव यांच्या दरम्यान औट्रम घाट लागतो. तो उतरताना मागून ढकलणारे चारशे किलो काय करतील, याचा विचार घरीच झाला पाहिजे.

दुसरी गोष्ट तोलाची. गाड्याच्या दांडीचे टोक मोटारीच्या आकड्यावर बेताच्या भाराने टेकले पाहिजे. हा भार एकूण वजनाच्या सुमारे एक दशांश असावा, असा सर्वसाधारण नियम आहे. तो फार कमी असल्यास वेग वाढताच गाडा शेपटासारखा डावीउजवीकडे झुलू लागतो आणि पुढच्या मोटारीसही आपल्याबरोबर फिरवितो. आम्ही घरातील वजनकाटा आणवून दांडीखाली ठेवविला. चाळीस किलोच्या जागी काटा जेमतेम सात दाखवू लागला! कारण उघड होते. त्या मोटारीचे इंजिन पाठीमागे आहे, आणि मोटार जशी गाड्यावर चढविली तशी ते चाकांच्या मागे गेले होते. मुलांचे चेहरे उतरले. सारे गणित त्यांस येत होते. परंतु ते करून पाहण्याचे मात्र कोणास सुचले नव्हते.

मोटार पुढे सरकवून तोल साधता आला. तथापि तेवढ्याने काम भागत नव्हते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत मोटारीमागे जोडावयाचा गाडाही मोटार वाहनच गणला आहे. त्याची नोंदणी व विमा हवा, मागे दिवे हवेत. यांपैकी त्या गाड्यास काहीच नव्हते.

आपल्या जिल्ह्यात उसाच्या हंगामात एकेका ट्रॅक्टरमागे दोन दोन ट्रॉल्या जाताना आपण रोज पाहतो. त्यामुळे मागे काही बांधून नेणे ही आपणांस साधी गोष्ट वाटते. पण ट्रॅक्टर संथ चालतो. घरची मोटार महामार्गावर तशी चालविण्याचा धीर किती जणांस असतो? अंधारात मागचे दिवे नसलेली ट्रॉली किती घातक असते, हेही सोलापूरकरांस निराळे सांगावयास नको.

आमचे मत असे आहे. ज्या कुटुंबास हे काम वारंवार करावयाचे आहे, त्याने मोटारीच्या पुस्तिकेत ओढण्याच्या वजनाची मर्यादा पाहावी. नोंदलेला, ब्रेक व दिवे असलेला गाडा घ्यावा. आकड्याखेरीज साखळीही जोडावी आणि रिकाम्या रस्त्यावर सराव करावा. तसे केल्यास आमची मुळीच हरकत नाही. परंतु वर्षातून एकदा जाणाऱ्यांनी ज्यास लोक ‘छोटा हत्ती’ म्हणतात तो टेम्पो भाड्याने घेऊन, शर्यतीची मोटार त्यावर घट्ट बांधून न्यावी, हेच श्रेयस्कर. ते भाडे वाया जात नाही. मागच्या आसनावर बसलेल्या आईच्या जिवापुढे ते फारच थोडे आहे.

त्या सोबत्यांनी वर्गणी काढून टेम्पो ठरविला. वडील आपली गाडी घेऊन त्याच्या मागोमाग गेले. स्पर्धेत मुलांस पारितोषिक मिळाले नाही. परत आल्यावर धाकट्याने मात्र आम्हांस सांगितले, “गुरुजी, औट्रम घाट उतरताना आम्हांला तो वजनकाटा आठवला.”