तिजोरी आली घरा!

मैत्रिणींनो, कारंज्याच्या वाड्यातली सासऱ्यांची तिजोरी यंदा आमच्या वाशिमच्या नव्या घरी आली. आर्देशीर गोदरेज १९०२ पासून मुंबईत तिजोऱ्या बनवू लागले, त्याच घराण्यातली ही. आगीसाठी दुहेरी पत्र्यात मसाला भरलेला, म्हणून वजन सहज तीन क्विंटल! सासूबाईंचा हट्ट, ती माडीवर देवघराशेजारीच हवी, तोंड उत्तरेला.

मी ती रिकामी केली, कप्पे काढले, कुलूप घालून वर दोर आवळला. दार उघडलं की तोल जातो. हमालांनी लोखंडी नळांवरून सरकवत आणली. उंबरठ्यावर ती कलली, तशी मी धरायला धावले.

"वहिनी, मांगं व्हा!" म्हातारा हमाल ओरडला. त्याच्या डाव्या पायाला तीनच बोटं. बाकीची अशाच एका तिजोरीखाली जिन्यात गेली होती. ते ऐकून सासूबाईच म्हणाल्या, "माडी नको रे बाप्पा."

खालीच ठेवली, जाड सागवानी फळीवर, ओल लागू नये म्हणून भिंतीपासून चार बोटं सोडून. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. फरशी हलली की तिजोरीचं दार अडकतं. म्हणून पाणसळ लावून पाचरी मारल्या. दिवाळीआधी त्या पुन्हा तपासायच्या आहेत. तोंड उत्तरेलाच आहे बरं का!