“गेले ते दिवस” लिहायचं थांबवा, नाणं टाका

परवा कुणीतरी व्हिडिओ गेमच्या जुन्या मशीनचा फोटो टाकला आणि खाली “गेले ते दिवस”चा पाऊस पडला. राग येईल, येऊ दे. ते दिवस आपणच घालवले.

आम्ही नव्वदच्या दशकातली बेळगावची पोरं. थिएटरजवळच्या बोळात पार्लर. प्लायवूडचा खोका, आत टीव्हीची पिक्चर ट्यूब, एक रुपयात एक डाव. ‘कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स’ हा कॅपकॉम कंपनीचा १९९३ चा गेम, पण हे नाव कुणाला ठाऊक होतं? पिवळ्या टोपीवाल्या गड्यावरून आख्ख्या गेमला आम्ही ‘मुस्तफा’च म्हणायचो. तिघं मिळून खेळायचा गेम. एका बाजूला कानडी शाळेतला, दुसऱ्या बाजूला उर्दू शाळेतला, मधे मी. बाहेर पाट्यांवरून भांडणं चाललेली, आत मात्र “तुझी एनर्जी कमी आहे, ते खाणं तू घे.” कुठल्या भाषेत बोलायचो, आज आठवतही नाही.

एक दिवस बाबा आले. “हितं काय करालास बे?” कान धरून घरापर्यंत. घरात एकच शब्द: जुगार.

आता मोठ्यांची भीती अगदीच खोटी होती असं नाही. काही ठिकाणी खरंच पैसे लागायचे. १९९५ साली कर्नाटकातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं पार्लरना परवाना लागेल, सरकार नियंत्रण ठेवू शकेल, असा निकाल दिला. ठीकच केलं. खरं आपण काय केलं? परवानावाला कोण, जुगारवाला कोण, बघितलंच नाही. सगळ्यांना एकच शिक्का.

आणि आज? भात भरवताना तीन वर्षांच्या बाळासमोर मोबाईल धरणारे आपणच. पार्लरमध्ये रुपया संपला की खेळ संपायचा, पोरगं घरी यायचं. मालकाला माहीत असायचं हा कुणाचा मुलगा. मोबाईलला ना नाणं, ना मालक.

अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्यात ‘फनस्पॉट’ नावाच्या जागी जुन्या मशीनचं संग्रहालय आहे. लोक तिथं काचेतून बघत नाहीत, खेळतात. आपल्याकडे?

गेल्या वर्षी निपाणीकडच्या एका जत्रेत ताडपत्रीखाली एक मशीन दिसलं. ट्यूब जाऊन सपाट स्क्रीन आलेली, आत बरेच गेम असलेला नवा बोर्ड, खोका मात्र तोच, दांडी तीच. दहा रुपये डाव. माझ्या वयाचे चार-पाच जण आले, व्हिडिओ काढला, गेले. मालक म्हणाला, “फोटो सगळे काढतात सायेब, खरं खेळत कोण नाही. जागेचं भाडं पण निघंना. पुढच्या वर्षी आणत नाही.”

लेकीला स्टुलावर उभी केली, वीस रुपये दिले. दुसऱ्या स्टेजला दोघंही मेलो. ती म्हणाली, “बाबा, अजून एकदा.” अजून वीस दिले.

तेव्हा हात जोडून सांगतो, खाली ‘गेले ते दिवस’ लिहू नका. कुठल्या जत्रेत, कुठल्या मॉलच्या कोपऱ्यात, कुठल्या बागेत अजून एखादं मशीन चालू आहे, त्याचा पत्ता लिहा. आणि पोरांना घेऊन जा. फोटो नंतर काढा.